नाशिकहून ऐरोली: आठवड्यातून तीन दिवस जाऊन-येऊन करावं, की बिऱ्हाड हलवावं?

गंगापूररोडकर

ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. दहा दिवसांत कळवायचं आहे. परिस्थिती थोडक्यात अशी:

नाशिकला गंगापूर रोडला स्वतःचा टू बीएचके. हप्ता १९,००० रुपये, अजून नऊ वर्षं आहेत. सध्या हातात ६२,००० येतात. नवीन सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १३ लाख २० हजार, त्यात बेसिक महिना ४५,०००, घरभाडे भत्ता १८,०००. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) नाही असं एचआर म्हणते. ऑफिस मंगळ-बुध-गुरु सक्तीचं, सोम-शुक्र घरून. वेळ कागदावर साडेदहा ते साडेसात, तोंडी मात्र ‘फ्लेक्सिबल आहे हो’.

पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दिंडोरी तालुक्यात. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. आई आमच्याकडेच असते, वय ७०.

माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत. तिन्ही दिवस पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन करायचं. नाहीतर गाडी काढायची, आता समृद्धी महामार्ग थेट आमणेपर्यंत झालाच आहे. नाहीतर सगळ्यांनीच ऐरोलीला जायचं आणि पत्नीने बदलीचा अर्ज करायचा. एजंटने सेक्टर ८ मध्ये वन बीएचके २४,००० भाडं, एक लाख डिपॉझिट सांगितलंय.

यातलं काय जमण्यासारखं आहे आणि कुठे पाय घसरेल, ते जाणकारांनी सांगावं.

---

कसारा_बँकर

सकाळच्या गाडीचं बहुतेक जण बघतात. तुमचा निर्णय संध्याकाळची गाडी करणार आहे.

आधी सकाळ. पंचवटी मनमाडहून सहाला सुटते, नाशिकरोडला सातच्या आसपास आणि ठाण्याला साधारण पावणेदहा ते दहा. नक्की मिनिटं चालू वेळापत्रकात बघून घ्या, पण गणित याच चौकटीत बसतं. गंगापूर रोड ते नाशिकरोड स्टेशन बारा-तेरा किलोमीटर आहे. सकाळी रस्ता मोकळा असला तरी गाडी लावून प्लॅटफॉर्मवर पोचायचं म्हणजे घरातून सव्वासहाला निघायला हवं. ठाण्याला उतरल्यावर पूल चढून ट्रान्सहार्बरच्या (नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या) ९, १० किंवा १०-अ प्लॅटफॉर्मवर जायचं. गर्दीच्या वेळी यालाच आठ-दहा मिनिटं जातात. ऐरोली तिथून दुसरं स्टेशन, मध्ये दिघा गाव (२०२४ मध्ये सुरू झालं). तुमचा गेट ठाणे–बेलापूर रस्त्यावर नेमका कुठे आहे त्यावर दिघा गाव, ऐरोली की रबाळे उतरायचं ते ठरेल, आणि पुढे शेअर रिक्षा. खुर्चीत बसेपर्यंत साडेदहा ते पावणेअकरा. हे सगळं गाडी वेळेवर असेल तर.

आता संध्याकाळ. पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, ठाण्याला पावणेसातच्या पुढेमागे येते. ती पकडायला लॅपटॉप पावणेसहा-सहाला बंद करावा लागेल. नाशिकरोडला साडेनऊ-पावणेदहा, घरी सव्वादहा. म्हणजे दाराला कुलूप लावल्यापासून कुलूप उघडेपर्यंत सोळा तास. त्यात ऑफिसचे सव्वासात. साडेसातपर्यंत थांबावं लागलं तर ही गाडी विसराच.

ती चुकली तर? विदर्भ एक्स्प्रेस सीएसएमटीहून सातच्या पुढे सुटते आणि ठाणे, कल्याण, इगतपुरी, नाशिकरोड असं थांबते. पण ती नागपूरकडची रात्रगाडी आहे. स्लीपरचं तिकीट लागतं, पासावर त्या डब्यात बसलात तर दंड. तिसरा मार्ग म्हणजे कसारा लोकल आणि पुढे काळी-पिवळी शेअर टॅक्सी. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही. लोकल उशिरा पोचली आणि नाशिकचे प्रवासी कमी असले की उरलेल्या सीटचे पैसे तुम्हीच भरा नाहीतर ताटकळत बसा. ठाण्यातल्या खोपटच्या स्टँडवरून नाशिकच्या एसटी मिळतात, त्या महामार्ग बसस्थानकावर सोडतात. पण संध्याकाळी ठाण्यातून बाहेर पडेपर्यंतच एक तास जातो.

आणखी एक गोष्ट, कारण ‘गाडी लेट का होते’ हे कळलं की कोणत्या महिन्यात भरवसा ठेवायचा तेही कळतं. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. त्यामुळे कल्याण ते ठाणे लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून बऱ्याच मोकळ्या झाल्या. अडचण त्याच्या वर आहे. कल्याण–कसारा पट्ट्यात लोकल, मेल आणि मालगाडी आजवर दोनच रुळांवर चालत आल्या, तिसऱ्या मार्गिकेचं काम लांबलंय. आटगाव-खर्डीच्या दरम्यान एखाद्या मालगाडीचं इंजिन बंद पडलं की मागे सगळी रांग लागते. त्यापुढे थळ घाट. चढ ३७ ला १, म्हणून संध्याकाळी जाताना कसाऱ्याला मागून बँकर (गाडी ढकलणारी जादा इंजिनं) लावावे लागतात. पावसाळ्यात दरड किंवा रुळांवर माती आली की गाडी इगतपुरीला किंवा कसाऱ्याला अडकते. जुलै-ऑगस्टमध्ये तीनपैकी एक दिवस तासभर उशीर धरून चाला.

म्हणून मत असं: आठवड्याला एखादी फेरी पंचवटीने मजेत होते. लागोपाठ तीन दिवस केलीत तर बुधवारची झोप सहा तासांच्या खाली जाईल आणि गुरुवारी ऑफिसमध्ये फक्त शरीर हजर असेल.

---

घाटरस्ता

गाडीबद्दल लिहितो.

समृद्धीचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. कसारा घाटाखालचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा खरोखर काम करतो. ट्रकच्या मागे घाट उतरण्याची कटकट गेली. पण आमणे म्हणजे ठाणे नव्हे, भिवंडीच्या अलीकडे. तिथून वडपे, माणकोली, खारेगाव. रुंदीकरणाचं काम, गोदामांचे कंटेनर आणि एखादा बंद पडलेला ट्रेलर हे त्रिकूट रोज असतं. वर वाचवलेली चाळीस मिनिटं खाली परत द्यावी लागतात, कधी व्याजासकट. मग खारेगावहून कळवा, आणि विटाव्याला रेल्वेच्या पुलाखालचा तो अरुंद रस्ता. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचतं. मग मुंब्रा बायपास–शिळफाटा असा वळसा.

पैशांचं बघा. एका बाजूने १६० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ३२०. लिटरला १६ पडत असतील तर २० लिटर, १०५ रुपयांनी २,१०० रुपये. समृद्धीचा दर कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे (एप्रिल २०२५ पासूनचा), ७६ किलोमीटरचे १५७, दोन्ही वेळचे ३१४. जुन्या महामार्गावरचा टोल लागला तर तो वेगळा. दिवसाला २,४०० च्या वर आणि महिन्याला तेरा दिवस म्हणजे ३१,००० च्या पुढे. पगारातली वाढ तुम्ही पंपावर ओतून याल.

सीएनजीचं बरेच जण सुचवतील. साठ-पासष्ट लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतो, त्यात दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जातात. ३२० ला एकदा तरी मध्ये भरावाच लागतो, आणि संध्याकाळी पंपावरची रांग वीस मिनिटांपासून कितीही.

हिशोबात न दिसणारा खर्च: तेरा दिवसांचे ४,१६० किलोमीटर. दहा हजारांची सर्व्हिसिंग अडीच महिन्यांत येईल, चाळीस हजारांवर बदलायचे टायर वर्ष भरायच्या आत. आणि समृद्धीच्या सिमेंटवर भर उन्हात १२० ने जाताना हवेचा दाब चुकलेला आणि जुना टायर फुटतो. रात्री दहाला सोळा तासांच्या दिवसानंतर गाडी चालवणं हा वेगळाच धोका आहे. मला विचाराल तर गाडीला ‘आणीबाणीचं वाहन’ समजा, रोजचं नाही.

---

खडू_फळा

तिसऱ्या पर्यायात ‘पत्नीने बदलीचा अर्ज करायचा’ हे अर्ध्या ओळीत आटोपलंय, आणि खरी मेख तिथेच आहे.

नाशिक जि.प. मधून ठाणे जि.प. मध्ये जाणं म्हणजे आंतरजिल्हा बदली. ती ऑनलाइन, शासनाच्या टप्प्यांनुसार होते, मागाल तेव्हा नाही. समोरच्या जिल्ह्यात तुमच्या प्रवर्गाची बिंदूनामावलीनुसार (आरक्षणाच्या क्रमवारीनुसार) रिक्त जागा हवी आणि इथल्या जिल्ह्याने कार्यमुक्त करायला हवं. पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ जोडीदार सरकारी, निमसरकारी किंवा अनुदानित संस्थेत असला तरच मिळतो. खासगी कंपनीतल्या नवऱ्याचा त्यात उपयोग नाही. बदली मिळालीच तर सेवाज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाशी नाव लागतं. पुढे मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख व्हायचं मनात असेल तर हे फार महाग पडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे नकाशा बघितल्याशिवाय लक्षात येत नाही: ऐरोली नवी मुंबई महापालिकेत आहे. तिथल्या शाळा महापालिकेच्या. ठाणे जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांच्या ग्रामीण भागात. ज्येष्ठता शून्य झालेल्या शिक्षिकेला मुरबाडचं किंवा शहापूरचं आतलं गाव मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे तुम्ही ऐरोलीला राहायला गेलात की प्रवास तुमचा थांबतो आणि त्यांचा सुरू होतो, आणि तो आजच्या दिंडोरीपेक्षा वाईट असेल.

मुलांचं: मधल्या सत्रात हलवू नका. मुलगी सातवीत आहे, आठवीला पुष्कळ ठिकाणी तसंही माध्यमिक शाळेत जावं लागतं. बदल करायचाच असेल तर तो जोड नैसर्गिक आहे. जूनपूर्वी नव्या शाळेत प्रवेश निश्चित करून मग शाळा सोडल्याचा दाखला काढा, उलट्या क्रमाने नको. दाखला हातात आला की जुन्या शाळेतली जागा गेली. सोबत ऑनलाइन नोंदही नव्या शाळेकडे वळवून घ्यावी लागते. आधार आणि दाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा, प्रवेशाच्या गर्दीत कोणी दाद देत नाही.

---

आकडेमोड

ऑफरचा आकडा फोडून दाखवतो, कारण १३.२० लाख ऐकून महिन्याला एक लाख दहा हजार येतील असं वाटतं. तसं नाही.

बेसिक ४५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे ५,४००, वर्षाला ६४,८००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे २६,०००. हे दोन्ही सीटीसीत धरलेले असतात (बहुतेक धरतातच, तुमच्या कागदावर बघा). उरले साधारण १२ लाख २९ हजार, महिन्याला १,०२,४००. त्यातून तुमचा पीएफ ५,४०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात ९६,८०० च्या आसपास. सध्याच्यापेक्षा जवळपास ३४,८०० जास्त.

आयकर? नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट काढून उत्पन्न ११ लाख ५४ हजार राहतं. १२ लाखांच्या आत असल्याने करसवलत (रिबेट) मिळून कर शून्य.

आता लोक सांगतील, ‘भाड्याने राहा, एचआरए (घरभाडे भत्ता) करातून वाचेल’. करून बघू. पहिली गंमत म्हणजे पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबईतल्या घराला आहे. ऐरोली मुंबई नाही, तिला ४० टक्केच. २४,००० भाड्यातून बेसिकचे दहा टक्के, म्हणजे ४,५०० वजा केले की १९,५००. बेसिकचे ४० टक्के १८,०००. मिळणारा भत्ता १८,०००. या तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा करमुक्त, म्हणजे १८,०००, वर्षाला २ लाख १६ हजार सूट. त्यात गुंतवणुकीच्या वजावटीचे दीड लाख, गृहकर्जाचं व्याज अंदाजे १ लाख १५ हजार, जुन्या प्रणालीतली ५०,००० ची वजावट आणि व्यवसाय कर, सगळं घातलं तरी करपात्र उत्पन्न ६ लाख ९५ हजारांवर थांबतं आणि जुन्या प्रणालीत सेससकट सुमारे ५४,००० कर बसतो. नव्यात शून्य. थोडक्यात, तुमच्या पगाराला भाड्याच्या पावत्यांचा करासाठी काही उपयोग नाही. भाडं हा निव्वळ खर्च धरा.

मात्र पहिल्या पगारवाढीला सावध राहा. ८ टक्के वाढ मिळाली तर करपात्र उत्पन्न १२ लाख ५२ हजारांच्या पुढे जाईल. सीमांत सवलत (हद्द थोडीच ओलांडली तर कर वरच्या रकमेपुरता ठेवणारी) धरूनही १२ लाखांच्या वरचे ५२,५०० रुपये जवळजवळ पूर्ण कराला जातात, वर ४ टक्के सेस. त्या वर्षी वाढीव पगाराचा बराचसा भाग हातात दिसणारच नाही. कंपनीतर्फे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) योगदान घेता येतं का, ते एचआरला आत्ता विचारा. ते नव्या प्रणालीतही बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होतं.

आता ३४,८०० चं काय होतं ते बघा. गाडीने तिन्ही दिवस: ३१,००० गेले. सगळे हलले: भाडं २४,०००, वर एजंटचं एक महिन्याचं भाडं, सामानाचा टेम्पो, दोन शाळांचे प्रवेश, आणि बदली होईपर्यंत पत्नी नाशकात, म्हणजे दोन बिऱ्हाडं. पत्नीने बिनपगारी रजा घेतली तर घराचं एकूण उत्पन्न आजच्यापेक्षा कमी होईल. मग नोकरी बदलायची कशाला?

तुम्ही न लिहिलेला चौथा पर्याय म्हणजे मंगळ आणि बुधची रात्र ऐरोलीत. पीजीचं (पेइंग गेस्ट म्हणून राहण्याचं) भाडं जेवणासकट दहा-साडेदहा हजार मिळालं तर प्रवास धरून महिन्याला तेरा हजारांत बसावं. एकवीस-बावीस हजार शिल्लक.

---

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळा कोणाच्या हद्दीत येतात हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पत्नीला वाचून दाखवलं, ती म्हणाली ‘मी हेच सांगत होते’.

एचआरला आज मेल केला. ‘कोअर अवर्स’ अकरा ते पाच, बाकी टीमच्या मॅनेजरवर अवलंबून, असं उत्तर आलं. पीजीचा पर्याय पटतोय. पण आठवड्याला दोनच रात्रींसाठी महिन्याचे पैसे भरायचे का? आणि पंचवटीचा पास काढू की दर वेळी तिकीट?

---

सेक्टर_आठ

पीजीवाले दोन रात्रींचे म्हणून कमी घेत नाहीत. बेड अडवलाय ना, मग पूर्ण महिना. तरी हिशोब असा करा: महिन्याला नऊ रात्री, १०,५०० भागिले ९, म्हणजे रात्रीला ११६७. याच्या खाली बरी, स्वच्छ लॉजची खोली ऐरोली-रबाळे भागात सातत्याने मिळाली तर लॉज, नाहीतर पीजी. पीजीचा खरा फायदा वेगळा: कपाट मिळतं. दोन जोड कपडे, टॉवेल, चप्पल, चार्जर तिथेच राहिले की मंगळवारी फक्त लॅपटॉपची बॅग घेऊन पंचवटीत चढता येतं.

घेण्याआधी रात्री नऊनंतर जाऊन बघा, दुपारी नाही. दुपारी सगळी पीजी शांत आणि रिकामी असतात. पाण्याची वेळ विचारा. दोघांच्या खोलीत दुसरा रात्रपाळीचा असेल तर तुमची झोप गेली म्हणून समजा. डिपॉझिट एक महिन्याच्या वर देऊ नका, आणि सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. ‘तीन महिने लॉक-इन’ म्हणाले तर प्रोबेशनमध्ये असल्याचं सांगून महिन्यावर आणा. बहुतेक ऐकतात. तुम्ही नसताना तुमच्या बेडवर दुसरा पाहुणा झोपवण्याची खोड काही ठिकाणी असते. शुक्रवार ते सोमवार बेड रिकामा दिसतो तेव्हा मोह होणारच. कपाटाला स्वतःचं कुलूप लावा, बेडशीट स्वतःची ठेवा.

आणि पहिले पंधरा दिवस कंपनीचं गेस्ट हाऊस मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पुढे कधी फ्लॅट घेतलातच तर त्याची लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) नोंदवलेलीच घ्या, नोटरी केलेला कागद नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणूनच शहाणा मालक स्वतःहून नोंदवतो. ११ महिन्यांचं २४,००० प्रमाणे भाडं २ लाख ६४ हजार. एक लाखाच्या परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर १० टक्के दराने अकरा महिन्यांचे ९,१६७ त्यात मिळवायचे आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. येतात ६८३, म्हणजे सातशेच्या घरात. नोंदणी शुल्क शहरी भागात १,०००, वर ऑनलाइन हाताळणीचे थोडे. दोन हजारांत काम होतं. एजंट पाच-सहा हजार सांगतो, ते घरी येऊन अंगठे घेण्याचे आणि त्याच्या आरामाचे.

---

डोंबिवली_फास्ट

विरोधी मत नोंदवतो. पीजी हा तात्पुरता इलाज झाला. पुढेमागे ‘पाचही दिवस या’ असा फतवा निघाला तर? हल्ली निघतायत. त्यापेक्षा कल्याणला घर बघावं. भाडं ऐरोलीपेक्षा कमी, पंचवटी थांबते, नाशिकला जाणं-येणं सोपं, ऐरोलीला ठाण्याहून बदलून तासाभरात.

---

कसारा_बँकर

फतव्याचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर उत्तर कल्याण नाही, ऑफर लेटर आहे. ‘आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात’ हे नेमणूकपत्रात येत असेल तर आणा. ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच लिहिलं असेल तर ते उद्या बदलू शकतं असंच समजायचं. स्थलांतर भत्ता देऊ करत असतील तर अट वाचा. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडलंत तर सगळा परत करावा लागतो. या घडीला तुम्ही हलतच नाही आहात, तर तो घेऊ नका. त्याऐवजी पहिल्या महिन्याची राहण्याची सोय मागा.

कल्याणचं म्हणाल तर सकाळी आठ-नऊच्या दरम्यान कल्याणहून ठाण्याकडे जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये चढणं हा स्वतंत्र विषय आहे, आणि ठाण्याला उतरणं त्याहून. पत्नी, मुलं, आई नाशकातच राहणार असतील तर कल्याणला रिकामं घर घेऊन करायचं काय?

आता पास. तुमची आठवड्याला एकच फेरी होणार: मंगळवारी सकाळी जाणं, गुरुवारी संध्याकाळी परत. महिन्याला साडेआठ-नऊ एकेरी प्रवास. एवढ्यासाठी पासाचा हट्ट नको. सेकंड सीटिंगचं राखीव तिकीट शंभराच्या आत-बाहेर पडतं आणि जागा नक्की मिळते. मासिक पासावर सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरावा लागतो, आणि बसायचं पासधारकांच्या डब्यात किंवा जनरलमध्येच. पासधारकांच्या डब्यात जागा वर्षानुवर्षं ‘ठरलेल्या’ असतात. नियमाने नाही, सवयीने. नवा माणूस पहिले काही आठवडे दारात उभा राहतो. तीन दिवस रोज जाऊन-येऊन केलं असतं तर पास परवडला असता. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट पडतो, म्हणजे दहा टक्के वाचतात.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दर मंगळवारी सकाळी आठला साठ दिवसांनंतरची तारीख काढायची सवय लावू नका, कारण साठ दिवसांनंतर मंगळवार येत नाही, शनिवार येतो. शुक्रवारी काढा, तेव्हा पुढचा मंगळवार उघडतो. परतीच्या गुरुवारसाठी रविवारी. दिवाळी, मे महिना आणि लाँग वीकेंडच्या आधीचा गुरुवार सोडला तर इतकी घाई लागतही नाही. वेटिंग असेल तर सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या रात्रीच लागतो, म्हणजे झोपण्यापूर्वी कळतं.

आणि गुरुवारी सुट्टी आली तर बुधवारी परतीचं तिकीट नव्याने काढायला विसरू नका.

---

गंगापूररोडकर

साठ दिवसांचं गणित कॅलेंडरवर मोजून बघितलं. खरंच शुक्रवार येतोय. 😄

मॅनेजरशी उद्या फोन आहे. गुरुवारी पावणेसहाला निघता येईल का, एवढंच आधी विचारणार आहे. बाकीचं त्याच्या उत्तरानंतर.

---

आकडेमोड

त्याच फोनवर हेही विचारा की टीमचे परदेशी कॉल किती वाजता असतात. सात ते नऊ असतील तर गुरुवारचा कॉल पंचवटीतून घ्यावा लागेल, आणि खर्डीच्या पुढे घाटात रेंज जाते.